वृद्धाश्रम म्हणजे नेमकं कोणतं घर?

पुण्यात नवी पेठेतला ‘निवारा’ म्हटलं की बऱ्याच जणांना आधी सभागृह आठवतं. पुस्तक प्रकाशन, सत्कार, कुठल्याशा संघटनेची बैठक. ज्या संस्थेचं हे सभागृह आहे तिचं मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. ज्यांच्या देणगीतून ससून रुग्णालय उभं राहिलं, त्याच डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६० च्या दशकात ही संस्था सुरू झाली आणि तेव्हापासून निराधार वृद्धांना आसरा देत आली. तिथून पाषाण-बावधनकडे गेलं की परांजपे स्कीम्सचं ‘अथश्री’ लागतं. तिथे राहणाऱ्यांच्या खिशात स्वतःच्या फ्लॅटची किल्ली असते आणि सकाळचा चहा स्वतःच्या ओट्यावर होतो. माथेरानच्या पायथ्याशी नेरळला डिग्निटी फाउंडेशनच्या पुढाकारानं उभी राहिलेली ज्येष्ठांची वसाहत आहे. आणि पुणे-मुंबईच्या उपनगरांत बंगल्याच्या तळमजल्यावर दहा-बारा खाटा मांडून चालवलेली, अंथरुणाला खिळलेल्यांची केंद्रं आहेत. तिथे दिवस-रात्र नळीनं अन्न देण्याचं आणि कूस बदलण्याचं काम चालू असतं.

घरातल्या बोलण्यात या चारही जागांना एकच शब्द आहे: वृद्धाश्रम. आणि त्याला जोडून येणारं क्रियापदही ठरलेलं आहे. मुलाला वसतिगृहात ‘ठेवतात’, आजारी माणसाला दवाखान्यात ‘नेतात’, पण आईला वृद्धाश्रमात ‘टाकतात’. या एका क्रियापदानं मराठी घरांचं फार नुकसान केलं आहे. ते कानावर पडेल या भीतीनं मुलं विषय काढत नाहीत. आपल्याला टाकतील या भीतीनं आई-वडीलही काढत नाहीत. मग विषय निघतो तो थेट रुग्णालयात, बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडल्यावर. डॉक्टर म्हणतात, परवा डिस्चार्ज. घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, लिफ्ट नाही. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत, आणि सोबतीला चौऱ्याहत्तर वर्षांची, स्वतःच्याच गुडघ्यांनी हैराण झालेली बायको. पुढच्या अनेक वर्षांचा निर्णय अठ्ठेचाळीस तासांत, फोनवर मिळालेल्या तीन-चार नंबरांवरून घेतला जातो.

अशी घरं थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते. गोव्यात तर लोकसंख्येतलं त्यांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर होतं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत भारतातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल.

जागा शोधण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो पैशांचा नाही. या माणसाला दिवसाच्या चोवीस तासांत नेमकी कशाकशात मदत लागते? यासाठी वैद्यकशास्त्रात साधी मोजपट्टी आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये सहा गोष्टींची यादी केली: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. या सहा गोष्टी ज्याला स्वतः जमतात, तो घराबाहेरच्या कामांत परावलंबी असला तरी स्वतंत्र राहू शकतो. पुढे त्यात दुसरी यादी आली: फोन लावणं, बाजारहाट, स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, वेळेवर औषधं घेणं. ही दुसरी यादी बहुधा आधी ढासळते. वीजबिल दोनदा भरलं जातं, रक्तदाबाची गोळी कधी राहते तर कधी दोनदा घेतली जाते, तीच भाजी तीन दिवस खाल्ली जाते. फोनवर ‘आम्ही मजेत आहोत’ म्हणणाऱ्या आई-वडिलांकडे गेल्यावर मुलांनी फ्रिज आणि औषधांचा डबा उघडून पाहावा. आवाजापेक्षा त्यातून जास्त कळतं.

दुसरी यादी डळमळीत आणि पहिली शाबूत असेल, तर बहुतेकांसाठी उत्तम जागा म्हणजे स्वतःचं घर. फक्त ते घर म्हातारपणासाठी बांधलेलं नसतं. मोरीचा उंबरा, गुळगुळीत फरशी, आत उघडणारं बाथरूमचं दार. आत माणूस पडला तर तेच दार त्याच्या अंगाला अडतं आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का रोवलेला दांडा, खरखरीत फरशी, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि बाहेर उघडणारं दार, एवढ्या बदलांचा खर्च खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या तुलनेत किरकोळ असतो. कोकणातल्या जुन्या घरांत तर संडास अजूनही मागच्या अंगणात असतो. पावसाळ्यातल्या रात्री ते दहा पावलांचं अंतर फार मोठं होतं.

घरी माणूस ठेवायचा म्हटलं की ब्युरो आला. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी, पुरुष रुग्णासाठी मामा. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. अंघोळ घालणं, भरवणं, फिरवून आणणं हे सेवक करू शकतो. इंजेक्शन, नाकातल्या नळीची किंवा कॅथेटरची देखभाल, जखमेचं ड्रेसिंग ही प्रशिक्षित नर्सची कामं आहेत. ब्युरोकडून ‘सिस्टर पाठवतो’ म्हणून कुणी आली, तर तिचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. आणि चोवीस तास ड्युटी म्हणजे ती बाई चोवीस तास जागी राहणार नाही. तिलाही सलग झोप, आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर जेवण हवं. ज्या घरात हे मिळतं तिथे मावशी वर्षानुवर्षं टिकतात, आणि मावशी टिकणं हे म्हाताऱ्या माणसासाठी औषधाइतकंच मोलाचं असतं. दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा अंघोळ घालायला आला की कुणाचाही जीव आक्रसतो.

घर आणि संस्था यांच्या मधली पायरी म्हणजे डे केअर. सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशननं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अशी केंद्रं चालवली आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं एकटेपणावर चांगला उतारा आहेत, पण तिथे औषध द्यायला किंवा संडासला न्यायला कुणी नसतं. दोन्हींची गल्लत करू नये.

आता संस्थांकडे वळू. धडधाकट असताना, स्वखुशीनं, पैसे मोजून जिथे राहायला जातात त्या वसाहतींना ‘सिनिअर लिव्हिंग’ म्हणतात. ‘अथश्री’ हे पुण्यातलं त्याचं परिचित उदाहरण, आणि लवासात ‘आशियाना उत्सव’ आहे. फ्लॅट विकत घ्यायचा, किंवा मोठी अनामत भरून राहायचं, किंवा भाड्यानं. सोबत भोजनगृह, डॉक्टरांच्या ठरावीक वेळा, खोलीतली आणीबाणीची घंटा, भजनापासून ब्रिजपर्यंत मंडळं. बहुतेक ठिकाणी रहिवाशाला वयाची अट असते. म्हणजे मालकी मुलांकडे वारशानं गेली तरी त्यांना लगेच तिथे राहायला जाता येत नाही, आणि विकायचं तर गिऱ्हाईकही ज्येष्ठच शोधावं लागतं. हा हिशेब घेतानाच करायचा असतो.

बांधकामापुरतं इथे आता बऱ्यापैकी संरक्षण आहे. महारेरानं २०२४ मध्ये निवृत्तांसाठीच्या प्रकल्पांना वेगळी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटर रुंद दारं, रॅम्प, जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडे, बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि आधाराचे दांडे. ‘खास ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लावून नेहमीचीच इमारत विकणाऱ्यांना यामुळे आळा बसावा. पण रेरा इमारत पाहतो. पाच वर्षांनी भोजनगृह कोण चालवणार, सेवाशुल्क दर वर्षी किती वाढणार, सेवा देणारी कंपनी निघून गेली तर काय, ही उत्तरं फक्त करारनाम्यात सापडतात.

करारनाम्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत. पहिली यादी कोसळली तर काय? सदुसष्टाव्या वर्षी फिरायला जाणारं, पत्ते खेळणारं जोडपं राहायला येतं. ऐंशीव्या वर्षी त्यातल्या एकाला पक्षाघात होतो. तेव्हा संस्था मदतनीस देणार, आवारातल्याच दुसऱ्या विभागात हलवणार, की ‘आता तुमची सोय आमच्याकडे होऊ शकत नाही’ म्हणणार? आणि हलवायचं ठरलं तर जोडप्यातल्या दुसऱ्याचं काय? हे सगळं लिहून घ्यायला हवं. तोंडी आश्वासन देणारा व्यवस्थापक तेरा वर्षांनी तिथे नसतो.

पुढची पायरी ‘असिस्टेड लिव्हिंग’. स्वयंपाकघर नाही, खोली स्वतंत्र किंवा दोघांत एक. अंघोळ, कपडे, औषधं, फिरवणं याला हाताशी माणूस. नालासोपाऱ्याजवळ राजोडीला ‘स्नेहांजली’ हे अशा प्रकारचं केंद्र आहे. मराठीत या प्रकाराला अजून शब्द रुळलेला नाही, आणि तीच अडचण आहे. चालता-बोलता पण अंघोळीला हात लागणारा माणूस एकतर सिनिअर लिव्हिंगमध्ये जातो आणि तिथे पडतो, किंवा अंथरुणाला खिळलेल्यांच्या केंद्रात जातो आणि तिथे महिन्याभरात खरंच अंथरूण धरतो. कारण तिथे सगळे झोपून असतात आणि चालवणाऱ्याला वेळ नसतो. म्हातारपणी पंधरा दिवस न चाललेले पाय पुन्हा चालते करायला महिने लागतात. जागा गरजेपेक्षा कमी मदतीची असणं धोक्याचं, आणि गरजेपेक्षा जास्त मदतीची असणंही तितकंच धोक्याचं.

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शियाची गोष्ट निराळीच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, हा आजार आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे गाढे विद्वान रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत निघून जातात. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना त्या प्रसंगात अतिशयोक्ती दिसत नाही. या माणसाचे हातपाय उत्तम असतात, म्हणून त्याला आजारी मानलं जात नाही. पण दिवस कलला की ‘घरी जायचंय’ सुरू होतं, स्वतःच्याच घरात बसून. गॅस उघडा राहतो. रात्री दोन वाजता अंघोळीची तयारी होते. सांभाळणारी सून किंवा बायको वर्षभरात स्वतः आजारी पडते.

अशा माणसासाठी साधा वृद्धाश्रम चालत नाही, आणि अनेक वृद्धाश्रम नकारही देतात. त्याला हवं असतं सुरक्षित आवार, जिथून बाहेर भटकता येणार नाही पण आत मोकळं फिरता येईल. रोजचा ठरलेला क्रम हवा, आणि ‘आत्ताच तर सांगितलं’ असं न म्हणणारी, शिकवून तयार केलेली माणसं हवीत. केंद्र पाहायला गेल्यावर एकच गोष्ट विचारली तरी पुष्कळ कळतं. रुग्ण चिडला, मारायला धावला तर तुम्ही काय करता? ‘बांधून ठेवतो’ किंवा ‘झोपेची गोळी देतो’ हे पहिलंच उत्तर आलं तर तिथून निघावं.

या आजारात कागदपत्रांची घाई लागते, आणि ही गोष्ट घरांना फार उशिरा कळते. वडिलांनी मुलाला दिलेलं साधं मुखत्यारपत्र वडिलांची समज गेल्यावर कायद्यानं टिकत नाही. ज्या दिवसासाठी ते केलं, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरतं. मग बँकेतले पैसे वडिलांच्याच उपचारासाठी काढायलाही पालक म्हणून नेमणूक मागत न्यायालयात जावं लागतं. म्हणून निदान सुरुवातीचं असतानाच, सही आणि समज दोन्ही शाबूत असताना, खाती संयुक्त करून घ्यावीत, नामनिर्देशनं तपासावीत, मृत्युपत्र करावं.

अंथरुणाला खिळलेल्यांची केंद्रं ही शेवटून दुसरी पायरी. इथे पलंगांपेक्षा माणसं मोजावीत, आणि तीही रात्रीची. दिवसा सगळीकडे गजबज असते. रात्री वीस रुग्णांमागे किती जण जागे असतात? दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, आणि त्याची लेखी नोंद असते का? पाठीवरचा बेडसोर हा म्हातारपणाचा अटळ भाग नाही. बहुतेक वेळा तो कूस न बदलल्याचा परिणाम असतो. रुग्णालय किंवा नर्सिंग होम चालवायला शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. पण सशुल्क वृद्धाश्रम हा न्यास असतो, संस्था असते किंवा कंपनी असते, आणि भिंतीवरचं ते नोंदणी प्रमाणपत्र तिथल्या शुश्रूषेच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून ते पाहून निश्चिंत होऊ नये. झोपलेल्या रुग्णांची नखं पाहावीत, ओठ कोरडे आहेत का पाहावं, खोलीतला वास घ्यावा.

आजार बरा होणारा नाही हे कळल्यावरची काळजी वेगळी. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, आणि ते भारतातलं पहिलं हॉस्पिस मानलं जातं. गोव्यात लोटली इथेही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सर रुग्णांची मोफत काळजी घेतं. तिथे नातेवाइकांनाही शिकवतात: मॉर्फिन कसं द्यायचं, तोंड कसं स्वच्छ ठेवायचं, घाबरायचं कधी आणि कधी नाही. दुःख कमी करण्याची ही काळजी अखेरच्या आठवड्यातच सुरू करायची असते, हा गैरसमज रुग्णांना महिनोन्‌महिने वेदनेत ठेवतो. शेवटी व्हेंटिलेटर नको असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरतं.

हे झालं ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांची यादी फार छोटी आहे. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. त्याआधीपासून समाजकल्याण विभागाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांचे वृद्धाश्रम चालत आले आहेत. मुंबईत अंधेरीला ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’च्या भगिनी गरीब वृद्धांना सांभाळतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था वृद्धगृहं चालवते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यानं दर जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असं वृद्धगृह असावं, असं म्हटलं आहे. पण ते राज्यांच्या इच्छेवर सोडलं, बंधनकारक केलं नाही. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरच्या गरजू माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. तेवढ्यात महिन्याचा किराणाही पुरता होत नाही, तिथे मावशी कुठून ठेवणार? २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. तो मोठा आधार आहे, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. त्यानंतरची दोन वर्षं पलंगाशेजारी जो माणूस लागतो, त्याचा पगार त्यातून निघत नाही. राज्यकर्त्यांनी आता लक्ष घालायला हवं ते इथे.

त्याच २००७ च्या कायद्यातली दोन कलमं मात्र प्रत्येक ज्येष्ठाला माहीत हवीत. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत. आणि बक्षीसपत्रानं घर मुलांच्या नावावर करताना ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट घातलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. अट कागदावर हवी. अनेक आई-वडील संकोचानं ती लिहीत नाहीत. फोनवर सल्ला हवा असेल तर एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

जागा पक्की करण्याआधी पंधरा दिवस किंवा महिनाभर राहून पाहण्याची सोय अनेक संस्था देतात. ती घ्यावी. आणि ‘थोडे दिवस हवापालट’ असं खोटं सांगून कुणाला नेऊ नये. ते फार काळ लपत नाही, आणि नंतर खऱ्या बोलण्यावरही विश्वास उरत नाही. त्या दिवसांत एकदा न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जाऊन यावं. ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांनी सोबत काय न्यायचं ते स्वतः ठरवावं. देव्हाऱ्यातली एखादी मूर्ती, रेडिओ, वर्षानुवर्षं वापरलेली उशी, चहाचं छोटं पातेलं. पातेलं नेऊ देत नाहीत असं कळलं, तर आईनं तिथे राहायला नकार देणं अगदी समजण्यासारखं आहे.